उसंत कोणाच्या वाट्याला?

"काय करणार, वेळच मिळत नाही!" हे वाक्य आता आपल्या वस्त्यांतून जयभीमच्या पाठोपाठ ऐकू येऊ लागले आहे. पौर्णिमेला विहारात का दिसला नाहीत? वेळ नव्हता. गावी म्हातारीला भेटून आलात का? रजा नाही. मुलगा कितवीत आहे? थांबा, त्याच्या आईला विचारून सांगतो! पूर्वी माणूस भेटला की "बरे चालले आहे ना?" असे विचारीत. आता "बिझी का?" असे विचारतात, आणि समोरचा गृहस्थही "फार बिझी" असे काहीशा अभिमानानेच सांगतो. जणू ती एखादी पदवीच आहे.

शहरातील मोठी वर्तमानपत्रे यावर उपायही सुचवतात. सावकाश जगा, चहाचा घोट जिभेवर घोळवा, सूर्यास्त पाहा, आठ दिवस डोंगरात जाऊन राहा. सल्ला वाईट नाही. पण तो वाचताना आपल्या मनात प्रश्न येतो, की हे कोणाला सांगितले जात आहे? पहाटे चारला उठून पाच घरची धुणीभांडी करायला निघणाऱ्या बाईला? बारा-बारा तास दुसऱ्याच्या इमारतीचे दार राखणाऱ्या मुलाला? कंत्राटावर गटार साफ करणाऱ्याला? त्यांना 'जरा सावकाश घ्या' म्हणणे ही थट्टाच होईल. म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण हा विषय खात्यापित्या घरांचा म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या आजा-पणजाला दिवसातला एक तासही स्वतःचा म्हणता येत नव्हता, त्यांच्याइतका हा विषय दुसऱ्या कोणाचा असणार?

येसकराचा दिवस

महार वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. ते सांगताना आपण बहुधा जमीन आणि बलुते यांविषयी बोलतो. वेळेविषयी बोलत नाही. गावकीच्या कामाला वेळापत्रक नव्हते. ज्या घरची येसकरपाळी असेल त्या घरच्या माणसाने चावडीवर हजर राहायचे. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची. कागद या गावाहून त्या गावाला न्यायचा. गावात कोणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा देण्यासाठी रात्री-अपरात्री निघायचे. मेलेले ढोर ओढायचे. ऊन असो, पाऊस असो, माणूस ताटावर बसलेला असो, हाक आली की उठायचे. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१८७४ च्या मुंबई वतन कायद्याने या राबणुकीवर सरकारी शिक्का मारलेला होता. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून महार वतनाचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. मोबदला अत्यंत तुटपुंजा आहे हे तर त्यांनी सांगितलेच. पण त्यांच्या म्हणण्यात दुसराही एक मुद्दा होता. वतनदाराचे चोवीस तास सरकारला बांधलेले असत, आणि तो घरी नसेल तर त्याच्या बापाला वा घरात जो सापडेल त्याला कामावर धरले जाई. म्हणजे पाळी एकाची, पण वेळ साऱ्या घरादाराचा गहाण! ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. ही वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

ज्याचा वेळ असा दुसऱ्याच्या मुठीत असतो त्याला पेरणी वेळेवर करता येत नाही, पोराला शाळेत पोचवता येत नाही, आजारी बायकोजवळ बसता येत नाही. आपल्या मागासलेपणाची कारणे शोधणाऱ्यांनी हे कारण जरूर लिहून ठेवावे.

रविवार कसा मिळाला

गाव सोडून मुंबईला आलेल्यांना गिरणीचा भोंगा भेटला. तेथे निदान कामाला सुरुवात आणि शेवट होता. पण सुट्टी नव्हती. आज आपण रविवार हा जणू निसर्गनियमच असल्याप्रमाणे धरून चालतो. तो कोणी मिळवून दिला? महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या पाहा. आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे एवढेच! एवढ्यासाठीही सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

कामाच्या तासांचा पुढचा इतिहास आपल्या सभांतून फार ढोबळपणे सांगितला जातो. 'बाबासाहेबांनी बारा तासांचे आठ तास केले' असे एका वाक्यात सांगून वक्ते मोकळे होतात. खरा हिशेब सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, म्हणून तो नीट सांगावा. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ती ५४ तासांवर आली. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ मध्ये कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क कायद्याने मिळाला. आणि त्यांनीच मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवडा ४८ तासांचा व दिवस जास्तीत जास्त नऊ तासांचा झाला. आठवड्यातले सहा तास मजुराच्या पदरात परत पडले. पगार देऊन सुट्टी द्यायची ही कल्पनाच तेव्हा कित्येक मालकांना वेडगळ वाटत होती. काम नाही तर दाम कशाचे?

त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या १९४५ च्या ग्रंथात सापडते. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा झाडा घेणारा तो ग्रंथ आपण राजकारणासाठी वाचतो. पण त्यात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी फुरसतीविषयी जे लिहिले आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पोट भरण्यासाठी दिवसभर राबणे आणि झोपणे हे जनावरही करते. माणसाला मन आहे. त्या मनाची मशागत व्हायची तर अंगमेहनतीतून सुटलेला वेळ हवा. असा वेळ यंत्रामुळे मिळू शकतो, म्हणून चरख्याकडे परत जाण्यात गरिबाचे हित नाही. आणि यंत्रामुळे सर्वांचे कल्याण झाले नसेल तर दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांनी बळकावला अशा समाजरचनेचा आहे. ती रचना बदलली पाहिजे. फुरसत आणि संस्कृती ही प्रत्येक नागरिकाच्या वाट्याला यावी, हे लोकशाही समाजाचे ध्येय त्यांनी मानले.

वाचकहो, ज्याला आपण 'रिकामटेकडेपणा' म्हणून हिणवतो त्याला बाबासाहेब माणूसपणाची अट मानत होते, हे ध्यानात घ्या.

पुन्हा सत्तर तास?

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील एका नामांकित उद्योजकाने तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखाचा आकडा ९० वर गेला. लक्षात घ्या, ब्रिटिशांच्या १९२२ च्या कायद्यातसुद्धा ६० च्या वर आकडा नव्हता! सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला जादा दाम मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. ज्याच्या घरात एकट्याच्या पगारावर सहा तोंडे आहेत, तो लेखी संमतीच्या कागदावर सही करण्यावाचून दुसरे काय करील?

बदलापूर-अंबरनाथकडून मुंबईला येणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यातले ७० कामाचे. येण्याजाण्याचे रोजचे तीन, म्हणजे सहा दिवसांचे १८. रोज सात तास झोप धरली तर ४९. उरले ३१, म्हणजे दिवसाला साडेचार तासांहूनही कमी. त्यात आंघोळ, जेवण, बाजार, दवाखाना, पाहुणा, मयत, सगळे आले. मुलाशी बोलायचे केव्हा? आणि हा हिशेब पुरुषाचा आहे. बाईच्या हिशेबात अजून स्वयंपाक मांडायचा राहिला आहे.

म्हणून सावकाश जगण्याची पहिली पायरी डोंगरातल्या बंगल्यात नाही. ती युनियनमध्ये आणि कामाच्या तासांच्या कायद्यात आहे. पाठीवर पिशवी बांधून जिने चढणाऱ्या आपल्या मुलांना वेळेचा दाम कसा लावला जातो, सुरक्षारक्षकाच्या बारा तासांतले चार तास ओव्हरटाइम म्हणून धरले जातात की नाही, हे प्रश्न विचारणारी माणसे वस्तीवस्तीत हवीत. हे झाले बाहेरचे. आता जरा घरात येऊ या. तेथे आपल्याला मालकावर ढकलता येत नाही.

घरातली येसकरपाळी

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. त्यातही हे काम करणाऱ्या बायका शंभरातल्या एक्याऐंशी आणि पुरुष सव्वीस! म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर पुरुष या कामाला हातच लावत नाहीत. हे आकडे सर्व समाजांचे मिळून आहेत. आपल्या घरांत वेगळे चित्र असेल असे ज्यांना वाटते त्यांनी उद्या सकाळी उठून पाहावे.

आपल्या आया जात्यावर बसत. त्या जात्यावर त्यांनी भीमाच्या ओव्या रचल्या हे खरे आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण पहाटे तीनला उठून दळण दळणे हे काही सुख नव्हते. पुढे पिठाची चक्की आली, मग गॅस आला, मिक्सर आला, कोणाकडे धुण्याचे यंत्र आले. मग बाईचे वाचलेले तास गेले कोठे? ते गेले बाहेरच्या नोकरीत, मुलांच्या शिकवणीच्या धावपळीत, दोनाऐवजी चार पदार्थांच्या डब्यात. बाबासाहेब जे कारखान्याच्या यंत्राविषयी सांगत होते तेच येथेही लागू पडते. यंत्राचा दोष नाही. त्याचा लाभ घरात कोणी बळकावला ते पाहावे लागेल. चक्कीने वाचवलेल्या वेळात नवरा पेपर वाचतो आणि बायको चटणी वाटते, याला घरातली येसकरपाळी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? फरक इतकाच, की गावातली पाळी फिरती होती; ही कायम एकीचीच.

बाईच्या विश्रांतीकडे पाहण्याची बाबासाहेबांची दृष्टी कशी होती, याला १९२८ ची साक्ष आहे. मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाईचे थांबणे हा त्यांनी तिचा लाड मानला नाही.

आणि तथागतांच्या संघात गेलेल्या स्त्रियांना तरी सुटका म्हणजे काय वाटली? थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी आहे. आपण कोणत्या तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो हे ती सांगते. पहिले उखळ, दुसरे मुसळ आणि तिसरा कुबडा नवरा! अडीच हजार वर्षांपूर्वीची ती बाई जन्ममरणाच्या फेऱ्याच्याही आधी उखळ-मुसळाचे नाव घेते. आपल्या उपासिका हे वाचून गालातल्या गालात हसतात. उपासकांनीही वाचावे.

आपल्या सार्वजनिक कार्यक्रमांविषयीही या निमित्ताने बोलले पाहिजे. पत्रिकेवर सायंकाळी सहाची वेळ, पाहुणे साडेआठला, हारतुऱ्यांना एक तास, नऊ वक्ते, अध्यक्षीय समारोप मध्यरात्री. तोवर पाचशे माणसांची खीर आणि भात करून बसलेल्या बाया विहाराच्या मागे मोठी पातेली घासायची वाट पाहत असतात. सकाळी त्यांनाही पाणी भरायचे असते. ज्या माणसाने मजुराच्या एकेका तासासाठी कायदे केले त्याच्या जयंतीत दुसऱ्यांच्या तासांची अशी उधळपट्टी व्हावी, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मनावर घेण्यासारखे आहे.

अठरा तास

येथे कोणी म्हणेल, की बाबासाहेब तर अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तुम्ही फुरसतीचे गोडवे गाता! बरोबर आहे. एप्रिल आला की गावोगावच्या ग्रंथालयांत अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. चांगला उपक्रम आहे. मुले एक दिवस तरी पुस्तकासमोर बसतात. पण बाबासाहेबांनी ते तास का घातले? पिढ्यानपिढ्या बंद असलेले दार एका आयुष्यात उघडायचे होते म्हणून. त्यांची प्रकृती त्यात झिजली, हेही आपल्याला माहीत आहे. आपण सगळ्यांनी तसेच झिजावे यासाठी त्यांनी ४८ तासांचा कायदा केला नव्हता.

शिवाय त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाही. त्यांना बागेची हौस होती. कुत्र्यांचा लळा होता. मर्जी लागली तर ते स्वतः स्वयंपाक करून मित्रांना वाढीत. उतारवयात ते व्हायोलिनचे धडे घेत होते. बुद्धाचे उघड्या डोळ्यांचे चित्र त्यांनी स्वतः रेखाटले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीच्या अलीपूर रोडवरील घरात, त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली आणि डोळे मिटून तिच्याबरोबर गुणगुणत राहिले. त्याच रात्री झोपण्यापूर्वी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागदही त्यांनी जवळ मागून घेतले. काम आणि गाणे, दोन्ही शेवटच्या रात्रीपर्यंत त्यांच्याबरोबर होते. पोस्टरवर फक्त पुस्तकांच्या ढिगाऱ्यातले बाबासाहेब दाखवणे म्हणजे अर्धेच बाबासाहेब दाखवणे होय.

अभ्यासाने कोमेजलेल्या मुलांच्या आईबापांनी सोण कोळिविसाची कथाही ऐकावी. चंपानगरीचा हा श्रेष्ठीपुत्र भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात येरझाऱ्या घालीत इतकी कठोर साधना करू लागला की त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा चांगली वाजवीत असे. तथागतांनी विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग? नेमक्या लावल्या तरच. दहावीच्या वर्षी पोराला सकाळी पाचला उठवून रात्री अकरापर्यंत तीन शिकवण्यांना पाठवणाऱ्या आपल्या नोकरदार कुटुंबांनी ही वीणा डोळ्यांसमोर ठेवावी. आपल्याला जे मिळाले नाही ते त्याला मिळावे ही तळमळ समजते. पण तो आजीशी कधी बोलणार, क्रिकेट कधी खेळणार, नुसता खिडकीत कधी बसणार?

घास आणि ग्रंथ

धम्मात सावकाशपणाला जागा आहे का? सतिपट्ठान सुत्त उघडून पाहा. चालणे, उभे राहणे, हात-पाय आखडणे-पसरणे यांबरोबरच खाणे, पिणे, चावणे आणि चाखणे हीसुद्धा जागृतीने करायची कामे म्हणून तेथे सांगितली आहेत. चाखणेसुद्धा! कोसलचा राजा पसेनदी एकदा मोठ्या मापाचा भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. भान ठेवून, प्रमाणात खाणाऱ्याला त्रास कमी होतो, तो लवकर म्हातारा होत नाही, अशा अर्थाची गाथा तथागतांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायचे काम दिले, रोज शंभर कहापण देऊन! हळूहळू राजाचा आहार मापात आला. आपल्याला कोणी सुदस्सन परवडणार नाही. पण जेवताना टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला पैसे पडत नाहीत. ज्वारीची गरम भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. हे ताट ज्यांच्या आजीने अर्धपोटी राहून मुलांपुढे सरकवले, त्यांनी तरी ते पडद्याकडे बघत गिळू नये.

जेवण आधी की उपदेश आधी, या प्रश्नाचे उत्तरही तथागतांनी देऊन ठेवले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट येते. तथागत आळवीला आले, लोकांनी भोजन दिले, सारे धम्म ऐकायला बसले. पण तथागत बोलेनात. गावातल्या एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो बैल शोधायला रानात गेला होता. उन्हातान्हात भटकून, बैल सापडल्यावर तो उपाशीपोटी धावत आला. सारी सभा त्या एका माणसासाठी ताटकळली होती. तथागतांनी विचारले, भिक्षेतले काही उरले आहे का? असेल तर याला बसवून जेवू घाला. तो पोटभर जेवला, शांत झाला, आणि मगच उपदेश सुरू झाला. भिक्खूंमध्ये यावर कुजबुज झाली तेव्हा तथागतांनी त्यांना सांगितले, की भुकेल्या माणसाला धम्म समजत नाही. श्रेष्ठी आणि अधिकारी बसलेल्या सभेला एका शेतकऱ्यासाठी थांबवणे, यात मला तरी धम्माचे फार मोठे दर्शन घडते.

अशा थांबण्याची आपल्याला आज एका कामासाठी तातडीने गरज आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर बसून गेलेली मुलेसुद्धा आज सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांना त्या दिवशीचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आठवते अशी माणसे आता मोजकीच उरली. पांढरे लुगडे कोठून आणले, भाड्याला पैसे कसे जमवले, परतल्यावर घरातले देव कोठे नेऊन टाकले, गावाने त्याचा सूड कसा उगवला, हे त्यांच्या तोंडून ऐकायला हवे. पण म्हातारी माणसे एका दमात सांगत नाहीत. ती आधी गुडघ्याचे दुखणे सांगतात, मग शेजारणीचे भांडण, मग चहा होतो, आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी, लसूण सोलता सोलता, खरी गोष्ट निघते. मोबाईल तोंडासमोर धरून "आजी, दोन मिनिटांत सांग" म्हणणाऱ्या नातवाला ती मिळणार नाही. त्याने तिच्याबरोबर लसूण सोलायला बसले पाहिजे. आपण 'वेळ नाही' म्हणतो आणि एकेक घर त्या आठवणींसकट रिकामे होत जाते.

वर्षावासाचा काळ यासाठी फार चांगला. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी संघाला पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने थांबण्याचे. आपल्या विहारांतून या काळात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. कोणी मध्येच शब्दाचा अर्थ विचारतो, कोणाला आपले काही आठवते, वाचन थांबते, पुन्हा सुरू होते. तीन महिन्यांत ग्रंथ पुरा होतो. एका रात्रीत वाचून संपवणाऱ्यापेक्षा त्या बैठकीतल्या निरक्षर आजीला तो अधिक ठाऊक असतो.

फक्त एक अडचण आहे. बहुतेक ठिकाणी हे वाचन सातच्या सुमाराला ठेवतात, कारण पुरुष तेव्हा कामावरून आलेले असतात. नेमक्या त्याच वेळी घरोघर चुलीवर तवा असतो. त्यामुळे ऐकायला म्हाताऱ्या बाया तेवढ्या येतात. सुना आणि मुली घरी भाकऱ्या थापत राहतात. येत्या आषाढ पौर्णिमेपूर्वी विहार समित्यांच्या बैठका होतील तेव्हा वाचनाची वेळ वस्तीतल्या बायांना विचारून ठरवावी. त्यांना सातचीच वेळ सोयीची वाटली, तर त्या तीन महिन्यांत संध्याकाळच्या भाकऱ्या कोणी करायच्या याची पाळीही त्याच बैठकीत लावावी, आणि ती फळ्यावर नावांनिशी लिहावी.